आपल्या पत्रिकांतील शब्द : काही चुका व त्यांची दुरुस्ती

वर्षभरात समाजात वाटल्या जाणाऱ्या लग्नपत्रिका, निधनाची कार्डे, जयंतीची पत्रके आणि विहाराच्या कार्यक्रमांची निमंत्रणे एकत्र ठेवून वाचली तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. वर तथागतांचे व बाबासाहेबांचे चित्र असते, 'नमो बुद्धाय' आणि 'जय भीम' असते. आणि त्याच्याखाली मजकूर मात्र जुनाच असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली व आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान करणार नाही अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. ती रोज म्हणणाऱ्या घरातून 'वर्षश्राद्धा'चे कार्ड निघते, ते त्या घराची श्रद्धा कमी म्हणून नव्हे. कार्ड कुणी वाचून पाहिलेले नसते, एवढेच.

याचे कारण साधे आहे. छापखान्यात गेले की मालक नमुन्यांची वही पुढे करतो. आता ती वही संगणकात असते. "मजकूर तोच ठेवू ना? फक्त नावे सांगा," असे तो म्हणतो आणि आपण घाईत मान हलवतो. नमुना कुणासाठी बनवला होता हे आपण विचारत नाही. म्हणून या लेखात आम्ही शुद्धलेखनाच्या चुकांपेक्षा अशा उसन्या शब्दांचा विचार अधिक करणार आहोत. विद्यार्थ्यांनी हा पाठ विशेष लक्ष देऊन वाचावा, कारण घरात पत्रिकेचा मजकूर लिहून देण्याचे काम हल्ली त्यांच्याकडेच येते.

लग्नपत्रिका

नमुन्याची पहिलीच ओळ 'आमचे येथे श्रीकृपेकरून' अशी असते. काही घरांत हे खटकते, म्हणून 'श्री' काढून 'तथागतांच्या कृपेने' असे घातले जाते. शब्द बदलला, कल्पना तीच राहिली. कृपा करणारा आणि तिच्यामुळे लग्न जमवणारा कुणीतरी वर बसला आहे, ही ती कल्पना. बुद्ध हे मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात निःसंदिग्धपणे मांडले आहे. जो मोक्षसुद्धा देत नाही, त्याच्याकडे सोयरीक जुळवण्याचे काम कशाला सोपवावे? 'आपणांस कळविण्यास आनंद होतो की' एवढी सुरुवात पुरेशी आहे.

पुढे 'शुभमुहूर्तावर' येते आणि वेळ १२ वाजून ३७ मिनिटे अशी असते. पंचांग न पाहणाऱ्या घरात ही सदतीस मिनिटे कोठून आली? 'दुपारी १२.३० वाजता' लिहावे आणि साडेबारालाच विधी सुरू करावा. 'कन्यादान' हा शब्द तर कटाक्षाने टाळावा. बौद्ध विवाहविधीत वधूवर त्रिसरण-पंचशील ग्रहण करतात व एकमेकांप्रती प्रतिज्ञा घेतात. सिगालोवाद सुत्तात पतीने पत्नीशी पाच प्रकारे आणि पत्नीने पतीशी पाच प्रकारे कसे वागावे ते सांगितले आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना कर्तव्ये आहेत. तेथे मुलगी ही दान करण्याची वस्तू ठरत नाही.

'शुभविवाह' ऐवजी 'मंगल परिणय' हा शब्द आपल्यात रूढ आहे आणि तो चांगला आहे. चिकित्सकांनी काढलेली एक गंमत येथे नोंदवतो : संस्कृतात 'परिणय' म्हणजे वधूला अग्नीभोवती फिरवून नेणे. पण हा अर्थ आज मराठीत कुणाच्या मनात येत नाही, तेव्हा त्या शब्दावरून वाद घालण्यात अर्थ नाही. शब्दाचा आज जो अर्थ वाचणाऱ्याला कळतो तो पाहावा. 'कन्यादान' वाचताना दान आजही कळते. 'परिणय' वाचताना अग्नी दिसत नाही. फरक आहे तो एवढाच. 'मंगल' या शब्दाचीही काहींना अकारण शंका येते. मंगलसुत्त हे आपलेच आहे.

भोजनाच्या वेळेपुढे 'आपल्या आगमनापर्यंत' असे छापण्याची फॅशन काही वर्षे चालली आहे. वाढपी मंडळींना विचारल्याशिवाय ती वापरू नये. आणि 'कृपया आहेर स्वीकारला जाणार नाही' हे वाक्य तर प्रत्येक तिसऱ्या पत्रिकेत असते. 'कृपया' हा शब्द विनंतीपुढे येतो, नकारापुढे नव्हे. 'कृपया आहेर आणू नये' किंवा 'आहेर स्वीकारला जाणार नाही', यांपैकी एक लिहावे.

नावापुढची अक्षरे

'आयुष्मान' हा शब्द आपल्या पत्रिकांत सर्वाधिक वेळा येतो आणि सर्वाधिक वेळा चुकतो. 'आयुष्यमान' असे छापले की आयुष्याचे मान, म्हणजे किती वर्षे जगला, असा काहीसा अर्थ निघतो. मूळ शब्द आयुष्मत्, म्हणून आयुष्मान आणि स्त्रीलिंगी आयुष्मती. २०१८ साली केंद्र सरकारने आणलेल्या 'आयुष्मान भारत' योजनेमुळे योग्य रूप दवाखान्यांच्या भिंतींवर लागले, तरी आपल्या पत्रिकांत 'य' घुसतोच. स्त्रियांसाठी 'आयुनि.' असा एक संक्षेपही दिसतो. त्याचे पूर्ण रूप काय, हे छापून घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. 'आयु.' हा संक्षेप स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो.

या शब्दाची थोडी माहिती विद्यार्थ्यांना असावी. पालीत तो 'आयस्मा' असा येतो. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी आनंदाला सांगितले आहे की, आपल्या पश्चात कनिष्ठ भिक्खूने ज्येष्ठाला 'भन्ते' किंवा 'आयस्मा' म्हणावे. म्हणजे ज्या शब्दाने भिक्खू एकमेकांना मान देत तो आज आपण साध्या उपासकापुढे लावतो. तो नीट छापला जावा, ही अपेक्षा जास्त नाही.

'भन्ते' बद्दलही येथेच सांगून टाकतो. 'भन्ते' ही हाक आहे, संबोधनाचे रूप आहे. समोर बसलेल्या भिक्खूंना आपण 'भन्ते' म्हणतो ते बरोबरच. पण पत्रिकेत नावाआधी लावायचा शब्द 'भदन्त' हा होय. भदन्त आनंद कौसल्यायन यांचे नाव त्यांच्या ग्रंथांवर असेच छापलेले आढळते.

'आयुष्मती' हा शब्द केवळ वेगळेपणासाठी वापरायचा नाही. जुन्या पद्धतीत स्त्रीच्या नावापुढे काय लागते ते पाहा. लग्नाआधी 'चि. सौ. कां.', म्हणजे सौभाग्याची इच्छा करणारी. लग्नानंतर 'सौ.'. नवरा गेला की 'श्रीमती', आणि जुन्या पत्रिकांत 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी. पुरुष मात्र अविवाहित असो, विवाहित असो की विधुर असो, 'श्री.' तो 'श्री.'च. स्त्रीचा नवरा जिवंत आहे की नाही हे तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरातच साऱ्या गावाला सांगण्याची ही रीत आहे. 'आयुष्मती' हा शब्द ते विचारत नाही. आईला, काकूला, अविवाहित आत्याला, नव्या सुनेला, सर्वांना तो सारखा लागतो.

म्हणून मुलाच्या लग्नात निमंत्रक म्हणून विधवा आईचे नाव घालताना घरात कुजबुज सुरू होते आणि शेवटी चुलत्याचे नाव वर घेतले जाते, तेव्हा दोष शब्दाचा उरत नाही. 'आयुष्मती' लिहून आईचे नाव पहिल्या ओळीत घालता येते. ज्या बाईने वीस वर्षे एकटीने मुलाला वाढवले तिचे नाव पत्रिकेच्या तळाशी 'आप्तेष्ट' या मथळ्याखाली दाबू नये.

मात्र बाहेरच्या पाहुण्यांना आपली पद्धत लावण्याचा आग्रह नको. अन्य धर्मीय प्रमुख पाहुणे स्वतःचे नाव जसे लिहितात तसेच छापावे. तो त्यांचा मान आहे.

निधनवार्ता

या भागाकडे आम्ही अधिक लक्ष वेधू इच्छितो, कारण निधनाचे कार्ड सर्वांत घाईत लिहिले जाते. घरची माणसे दुःखात असतात, कुणीतरी शेजारी छापखान्यात जातो आणि नमुना जसाच्या तसा छापून येतो. असा नमुना पाहू :

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे तीर्थरूप वडील कै. अमुक यांचे दि. १२ रोजी दुःखद निधन झाले. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. दशक्रिया विधी व जलदान विधी रविवारी होईल."

तीन-चार ओळींत किती गोष्टी आहेत! 'कै.' म्हणजे कैलासवासी, शंकराच्या कैलासावर गेलेला. 'वै.' म्हणजे वैकुंठवासी, विष्णूकडे गेलेला. 'स्व.' म्हणजे स्वर्गवासी. तिन्ही पत्ते आपले नव्हेत. हे बहुतेकांना कळते, म्हणून पुष्कळजण 'दिवंगत' लिहितात आणि आपण सुटलो असे समजतात. पण 'दिवं गत' म्हणजेही स्वर्गात गेलेला! 'कालवश' हा शब्द मात्र निर्दोष आहे. काळाच्या अधीन झाला, इतकेच तो सांगतो.

आपल्यात 'कालकथित' हा शब्द सर्वत्र चालतो. पालीत मरण पावणे याला 'कालं करोति' असे म्हणतात, आणि मरण पावलेला तो 'कालकत' किंवा 'कालंकत'. मराठीत येताना त्याचे 'कालकथित' झाले. शब्दशः पाहिले तर त्याचा अर्थ 'काळाने सांगितलेला' असा काहीतरी होतो, म्हणून अभ्यासकांना तो पटत नाही. आमचे मत असे की, हजारो घरांनी आपल्या माणसाच्या नावापुढे आदराने लावलेला शब्द एका व्याकरणाच्या मुद्द्यावर खोडून टाकू नये. मात्र ज्यांना मूळ रूप माहीत आहे त्यांनी 'कालकत' लिहिले तर त्याला छपाईची चूक समजून दुरुस्तही करू नये.

दुसरी गोष्ट तर्काची आहे. 'कै. अमुक यांचे निधन झाले' किंवा 'कालकथित अमुक यांचे निधन झाले' या वाक्यात आधीच गेलेला माणूस पुन्हा जातो. निधनाची बातमी देताना 'आयुष्मान अमुक यांचे निधन झाले' असेच हवे. 'कालकथित' हे त्यानंतरच्या उल्लेखांत, शोकसभेच्या व स्मृतिदिनाच्या पत्रिकेत यावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'आत्म्यास शांती लाभो' हे वाक्य. बुद्धाच्या शिकवणीत अनिच्च, दुक्ख आणि अनत्ता ही तीन लक्षणे सांगितली आहेत. अनत्ता म्हणजे देह सोडून जाणारा, टिकून राहणारा, भटकणारा आत्मा नाही. ज्याचे अस्तित्वच आपण मानत नाही त्याला शांती मिळावी अशी प्रार्थना, तीही ईश्वराकडे! संपूर्ण पत्रिकेत धम्माशी इतके विसंगत दुसरे वाक्य नसेल, आणि नेमके तेच सर्वांत अधिक छापले जाते. त्याच्या जागी काय लिहावे असे आम्हाला विचारले जाते. शांतीची गरज मागे राहिलेल्यांना असते. 'त्यांच्या कुटुंबीयांना हे दुःख सहन करण्याचे बळ मिळो' हे वाक्य खरेही आहे आणि माणुसकीचेही.

'श्रद्धांजली' हा शब्द चालतो का, अशी शंका पुष्कळदा येते. चालतो. श्रद्धा, पालीत सद्धा, ही पाच इंद्रियांत व पाच बलांत गणली आहे. तिचा श्राद्धविधीशी संबंध जोडून शब्दच टाकून देण्याचे कारण नाही. 'आदरांजली' अधिक आवडत असेल तर तो शब्दही उत्तम.

'दशक्रिया', 'तेरावे', 'उत्तरकार्य', 'वर्षश्राद्ध' हे शब्द सरळ काढून टाकावेत. 'जलदान विधी', 'पुण्यानुमोदन', 'शोकसभा' हे आपल्यात प्रचलित आहेत. तुमच्या भागात जो चालतो तो एकच घ्यावा. वर्षानंतर 'प्रथम स्मृतिदिन' लिहावे. 'पुण्यतिथी' लिहून खाली इंग्रजी तारीख देण्याची पद्धत तशीही विचित्रच आहे, कारण त्यात तिथी कोठेच नसते. आणखी एक : प्रेमापोटी काही मुले 'आमच्या वडिलांचे महापरिनिर्वाण झाले' असे छापतात. भावना समजते, पण हा शब्द तथागतांसाठी आणि आपल्या आदरभावाने बाबासाहेबांसाठी आहे. तो तेवढाच राखून ठेवावा.

वरचा नमुना दुरुस्त केल्यावर असा होईल :

"कळविण्यास दुःख होते की, आमचे वडील आयुष्मान अमुक यांचे शुक्रवार, दि. १२ रोजी निधन झाले. जलदान विधी व शोकसभा रविवार, दि. २१ रोजी सकाळी ११ वाजता राहत्या घरी होईल. शोकाकुल : आयुष्मती अमुक (पत्नी), मुले, मुली, सुना, जावई व नातवंडे."

महिना व वर्ष अर्थातच घालायचे आहे. मुलींची नावे असतील तर तीही घालावीत.

संस्थेचे कार्यक्रम

येथे सर्वांत गाजलेली चूक म्हणजे 'धम्मचक्र परिवर्तन दिन'. शब्द 'प्रवर्तन' असा आहे. प्रवर्तन म्हणजे गती देणे, फिरते करणे. परिवर्तन म्हणजे बदल. सारनाथला तथागतांनी चक्र फिरते केले. ते बदलले नाही. याच दिवसाच्या पत्रकात तारखेचाही घोळ होतो. १९५६ साली विजयादशमी १४ ऑक्टोबरला आली होती. दरवर्षी तसे होत नाही. दीक्षाभूमीवरचा मुख्य सोहळा विजयादशमीला भरतो, अनेक शाखा मात्र १४ ऑक्टोबर पाळतात. आपण कोणता दिवस धरला आहे ते पत्रकात स्पष्ट हवे, नाहीतर बाहेरगावची माणसे चुकीच्या दिवशी येऊन बंद विहारासमोर उभी राहतात.

आकडेही तपासावेत. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. चालू वर्षातून १८९१ वजा केले की कितवी जयंती ते मिळते : १९९१ ला शंभरावी, २०१६ ला एकशे पंचविसावी. महापरिनिर्वाण दिन व धम्मचक्र प्रवर्तन दिन यांसाठी १९५६ वजा करावेत. बुद्ध पौर्णिमेचा आकडा अनेकांना फसवतो. १९५६ साली २५०० वे बुद्धवर्ष साजरे झाले, पण ही गणना महापरिनिर्वाणापासूनची आहे. तो आकडा घेऊन 'अमुकावी बुद्ध जयंती' छापले तर तथागतांच्या आयुष्याची ऐंशी वर्षे गळतात. आकड्यापुढे 'बुद्धवर्ष' असेच लिहावे.

६ डिसेंबरच्या फलकांवर वर 'विनम्र अभिवादन' आणि खाली फोटोंच्या रांगेखाली 'शुभेच्छुक' असे आम्ही दरवर्षी वाचतो. वाढदिवसाचा फलक उघडून वरचा मजकूर तेवढा बदललेला असतो. काही ठिकाणी तर 'महापरिनिर्वाण दिनाच्या हार्दिक शुभेच्छा' असेही असते. खाली 'अभिवादक' लिहावे, किंवा फोटोच कमी करावेत.

विहारात मूर्ती बसवताना 'बुद्धमूर्तीची प्राणप्रतिष्ठा' असे छापू नये. मूर्तीत प्राण घालण्याचा तो विधी आहे. 'प्रतिष्ठापना' किंवा साधे 'स्थापना' पुरे. 'भूमिपूजन' ऐवजी 'पायाभरणी'. पुतळ्याचे अनावरण, इमारतीचे उद्घाटन, पुस्तकाचे प्रकाशन. हे परस्परांत बदलू नये.

अक्षरांविषयी

थोडेच सांगतो. 'बुद्ध' हा शब्द आपल्याच पत्रिकांत 'बुध्द' असा छापला जातो. मूळ धातू बुध्, त्याला त लागून बुद्ध. आधी द्, मग ध. मोठ्याने म्हणून पाहा, जीभच सांगेल. ध ला उभा दांडा असल्याने तो अर्धा करणे सोपे आणि द ला दांडा नसल्याने अवघड, म्हणून टंकलेखनात ही उलटापालट शिरली. 'सिद्धार्थ', 'श्रद्धा', 'शुद्ध' यांचेही तेच. 'बोधिसत्त्व' मध्ये दोन त आहेत. 'दीक्षा' चा दी दीर्घ, 'परिनिर्वाण' चा रि ऱ्हस्व. 'आशीर्वाद', 'विनीत', 'हार्दिक', 'उपस्थित राहावे'. 'जयंतीनिमित्त' हा एक शब्द आहे. 'भिक्खू' एकटा दीर्घ, पण 'भिक्खुसंघ' मध्ये ऱ्हस्व. तसेच 'स्मृती' पण 'स्मृतिदिन'. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या लेखननियमांत समासाचा हा नियम आहे, तो विद्यार्थ्यांनी पाहून ठेवावा. पाली शब्द पालीसारखेच छापावेत : 'सरणं' च्या जागी 'शरणम्' नको.

आता तपासणी. मजकूर लिहिणाऱ्याने स्वतःच शेवटची तपासणी करू नये; त्याला आपण लिहिलेलेच दिसते. दुसऱ्याने मोठ्याने वाचावे, तिसऱ्याने दिनदर्शिका हातात घेऊन वार व तारीख जुळते का ते पाहावे. प्रत्येक नाव त्या त्या घरी विचारून घ्यावे. पाहुण्यांची संमती मिळाल्यावरच त्यांचे नाव टाकावे. लांब वाक्याचा कर्ता व क्रियापद बोटाने जुळवावे. 'मंडळाच्या वतीने व्याख्यान आयोजित केली आहे' अशी वाक्ये मधल्या पाच ओळींमुळे सुटतात.

छापून आल्यावर चूक सापडली तर काय करावे? तारीख, वेळ किंवा स्थळ चुकले असेल तर प्रत्येक पत्रिकेवर छापील चिठ्ठी चिकटवावी; पेनाने खोडाखोड केली की निम्म्या पत्रिकांवर ती राहून जाते. वेलांटी-उकार चुकला असेल तर तशाच वाटाव्यात, पुढच्या वेळी सुधारावे. एखाद्या माणसाचे नाव चुकले असेल तर मात्र ती पत्रिका त्याच्या घरी नेऊ नये. त्या घरापुरत्या चार प्रती नव्या काढाव्यात. त्याला खर्च फारसा येत नाही.